नव्वदच्या आतली गाणी

नवऱ्याला हार्ट अटॅक येऊन गेला की बायकोला जास्त ऐकू यायला लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या दवाखान्यातून त्यांना छातीत स्प्रिंग टाकून रिसोडला घरी आणलं, त्या दिवसापासून घरातला एकूण एक आवाज मी ओळखायला लागले. बादलीचा, चपलांचा, पेपर उलटण्याचा, खाकरण्याचा. आवाज चालू आहे तोवर ठीक. आवाज थांबला की माझ्या हातातली पोळी तव्यावर करपायची. बाथरूमच्या दाराची कडी तर मी स्वतः स्क्रू काढून उपटून टाकली होती. आतून कडी लावून ते पडले, तर दार तोडायला माणसं कुठून आणायची?

"अवं, पाहुणे आले त काय करतीन?" त्यांनी विचारलं.

"गाणं म्हनतीन," मी म्हटलं.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, शाळा सकाळची. ते मेडशीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, पण तेव्हा लांबच्या रजेवर होते. मुलगी पुण्याला नोकरीला. म्हणजे सकाळी सात ते साडेबारा हे एकटे घरात. मधल्या सुट्टीत मी फोन करणार आणि त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलायचा, असा मी नियम केला होता. तिसरी रिंग वाजली की मी पर्स उघडायचे. चौथीला मी स्कूटीची किल्ली शोधायला लागायचे. एकदा ते संडासात होते, तर मी सातवीचा पुढचा तास तसाच सोडून अर्ध्या रस्त्यापर्यंत आले होते. शाळेतल्या बाया माझ्यावर हसत, आणि हसू देत, असं मला वाटे. त्यांचे नवरे पानटपरीवर उभे राहून गप्पा मारत होते.

सोयाबीनचे दिवस होते. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यामुळे त्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला. फाटकातूनच हाक मारली. उत्तर नाही. आत आले तर हे खुर्चीत, मान छातीवर पडलेली, एक हात खाली लोंबतोय. दुसरी हाक मारली. तिसरी मारली. चौथी हाक नव्हती, ती किंकाळी होती. शेजारची बाई पिठाच्या हातानं धावत आली. तेवढ्यात हे दचकून उठले, कानातून दोन वायरी ओढून काढल्या आणि म्हणाले, "काय झालं? कोन मेलं?"

मी हातातली पर्स त्यांना फेकून मारली. खोटं कशाला सांगू? चार महिन्यांपूर्वी ज्याच्या छातीत स्प्रिंग टाकली त्या माणसाला मी पर्स फेकून मारली, आणि ती छातीलाच लागली, आणि मग ती लागली म्हणून मी रडायला लागले. शेजारणीला काय करावं कळेना. ती म्हणाली, "वहिनी, पानी आनू का?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत निघून गेली.

"काय आयकून राह्यले होते?" मी नंतर विचारलं.

"काई नाई. गाने."

"कोनते?"

"हायेत असेच," ते म्हणाले आणि वायरी गुंडाळून खिशात टाकल्या. एकतीस वर्षांत या माणसानं माझ्यापासून लपवलेली गोष्ट म्हणजे जास्तीत जास्त समोशाची पुडी. त्यामुळे ते खिशात टाकणं माझ्या डोक्यात राहिलं.

आता भाऊजींबद्दल सांगायला हवं. भाऊजी म्हणजे यांचा लहानपणापासूनचा मित्र, रिसोडला यांच्याच गल्लीत वाढलेला. त्यांच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता आणि भाऊजी स्वतः तरुणपणी त्यात क्लारनेट वाजवायचे. पुढे कारकुनी करून ते निवृत्त झाले, अकोल्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिथं मोबाईलवर देशोदेशीचं क्लारनेट शोधून ऐकायला लागले. हे दवाखान्यात होते तेव्हा भाऊजींनी पाच दिवस डबा आणला. वॉर्डात कण्हण्याचे आवाज फार, यांना झोप येईना, म्हणून स्वतःचे इअरफोन यांच्या कानात घातले. त्यात काय वाजत होतं ते विचारायची मला तेव्हा शुद्धच नव्हती. मी फक्त मशीनवरची हिरवी रेघ बघत होते.

घरी आल्यावर दर रविवारी सकाळी दोघांचा फोन सुरू झाला. हे अंगणात जांबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसत आणि हळू आवाजात बोलत. एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कोथिंबीर निवडत होते. मुद्दाम ऐकत नव्हते. पण वर सांगितलंच, मला तेव्हा सगळंच ऐकू यायचं.

"हौ, ब्ल्यू पोचले बाप्पा. एक नंबर हायेत," हे म्हणत होते. "पन पयलेचं जरा फास्ट होतं, माही छाती धडधड करे. मले स्लो पाठव. नाई, नाई, तिले नाई सांगतलं. ती शाळेत गेली का लावतो. बाराच्या आत उरकून टाकतो."

माझ्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली.

आमच्याकडे ब्ल्यू या शब्दाचा एकच अर्थ होतो. माझं माहेर इंझोरीचं. मी शाळेत होते तेव्हा गावात भाड्यानं व्हीसीआर यायचा. देवाधर्माचा पिक्चर चौकात लागायचा, आणि तो संपला की काही पोरं तोच व्हीसीआर उचलून कोणाच्या तरी गोदामात न्यायची, आतून कडी. बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, ब्ल्यू पाहून राह्यले. म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही ते. आणि आता माझा छप्पन्न वर्षांचा, विज्ञान शिकवणारा, सकाळी चार गोळ्या आणि रात्री तीन गोळ्या खाणारा नवरा, मी मुलींना समास शिकवत असताना घरी एकटा बसून ते लावत होता. फास्ट आणि स्लो.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग मला जमतो. पण मला आली ती भीती. एक दिवस मी घरी येईन, शेजारीण पिठाच्या हातानं मागून येईल, हे खुर्चीत गेलेले असतील, आणि मोबाईलवर ते चालूच असेल. हे चित्र मला कोथिंबिरीतसुद्धा दिसायला लागलं. आणि त्या चित्राच्या मागं दुसरी एक गोष्ट होती, जी मी कोणापाशी बोलले नव्हते. दवाखान्यातून आल्यापासून मी माझी गादी उचलून खोलीच्या दुसऱ्या भिंतीला नेली होती. त्यांना मोकळं झोपता यावं म्हणून, असं मी सांगितलं होतं. खरं कारण हे की त्यांचा हात माझ्या अंगावर पडला की मला त्यांची छाती आठवे. आपल्यामुळे ती बंद पडली तर? चार महिने मी त्यांना ताप बघण्यापुरता हात लावला होता. मग माणूस ब्ल्यू बघणार नाही तर काय करणार, असंही मलाच वाटलं, आणि भीतीवर लाज येऊन बसली.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी मोबाईल घेतला. पासवर्ड मुलीच्या जन्माचं साल, तो मलाच ठाऊक नसेल तर कोणाला? भाऊजींनी पाठवलेल्या पंधरा-वीस फायली होत्या. व्हिडिओ एकही नव्हता. मी एक उघडली आणि आवाज मोठा होता म्हणून घाबरून मोबाईल उशीखाली दाबला. उशीखालून एक म्हातारा रडत होता. रडत म्हणजे गात होता, पण ज्याचा बैल त्या सकाळी मेला आहे असा माणूस गाईल तसं. सोबत एक गिटार, तीही त्याच्यासारखीच थकलेली. भाषा इंग्रजी असावी, एक शब्द कळेल तर शपथ. मी दुसरी फाईल उघडली. एक बाई, जाड आवाजाची, आणि मागे पियानो. तिसरीत नुसतं क्लारनेट.

"काय शोधून राह्यली?"

हे दारात, टॉवेल गुंडाळून, केसांतून पाणी गळतंय. कडी मीच काढली होती, त्यामुळे दार उघडल्याचा आवाज झाला नव्हता.

"ब्ल्यू," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? डोळ्यांत पाणी होतंच.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते हसायला लागले. आधी नुसतेच, मग पोट धरून, मग दाराची चौकट धरून. चेहरा लाल झाला, श्वास आत जाईना, हात छातीवर गेला. मी ओरडले, "हसू नका! अवो, हसू नका म्हनतो ना! बसा खाली!" ते खाली बसले आणि बसून हसले. मी त्यांची नाडी धरून समोर बसून रडत होते.

"ब्लूज वं," ते शेवटी म्हणाले. "ब्लूज. गान्याचा प्रकार हाय तो. पिच्चर नाई."

मग त्यांनी सांगितलं, जे त्यांना भाऊजींनी सांगितलं होतं. अमेरिकेतले काळे लोक, मालकाच्या वावरात कापूस वेचणारे, त्यांची ही गाणी. मन खचलं की इंग्रजीत त्याला असं म्हणतात. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तू म्हनली असती, दुखाचे गाने आयकू नका, छातीले तरास होतो." आणि मी तसंच म्हटलं असतं. माझ्या माहेरीही कापूस होता. वेचणाऱ्या बाया काहीतरी म्हणत वेचायच्या आणि मी बांधावर बसून पुस्तक वाचायचे. त्या काय म्हणत होत्या हे मी एकदाही ऐकलं नाही. मालकाची पोरगी होते मी, मला कशाला ऐकू येईल? तेव्हा माझे कान चांगले नव्हते.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं ऐकायला लागलो. इअरफोन एकच. उजवा माझ्या कानात, डावा त्यांच्या. वायर आखूड, म्हणून डोकी जवळ घ्यावी लागायची. रविवारच्या फोनवर आता मलाही बोलावलं जाई. भाऊजी विचारत, "वहिनी, या हप्त्यात काय आयकलं?" आणि मी परीक्षेला बसल्यासारखी सांगे. ती जाड आवाजाची बाई आवडली. तो तुतारीवाला फार ओरडतो. ते एक, जिथं शेवटी सगळेच एकमेकांत घुसतात, ते मला भांडण वाटलं. जॅझ म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचून समजलं नव्हतं. भाऊजींनी चार वाक्यांत सांगितलं. वरात चौकात अडते, नवरदेवाचे दोस्त पुढे सरकू देत नाहीत, ठरलेलं गाणं तर वाजवून झालेलं असतं. तेव्हा क्लारनेटवाला डोळे मिटून आपल्या मनानं जे वाजवतो ते जॅझ. "आमी तेच करत होतो वहिनी," ते म्हणाले, "पन आमाले नाव नव्हतं मालूम."

ते दिवस बरे होते. भीती गेली नव्हती, पण एका कानापुरती कमी झाली होती. आणि नेमकं तिथंच माझं चुकलं. डोकी जवळ आली की पुढे काय होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

लग्न झालं तेव्हा आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यात सासू, सासरे, एक दीर. आम्हां दोघांत एक खूण ठरली होती. हे जेवताना सर्वांसमोर विचारायचे, "रेडिओ लावू का?" मी "लावा" म्हटलं तर लावा, आणि "डोकं दुखते" म्हटलं तर नाही. सासूबाई म्हणत, पोराला गाण्याचं भारी वेड. पुढे घर झालं, माणसं कमी झाली, पण खूण तीच राहिली. रेडिओ मोडला, टेप आला, टेप गेला, खूण तीच.

एका दुपारी, एका वायरीत दोघं अडकलेलो असताना, ते म्हणाले, "रविवारी चांगले निवडून ठेवतो. रोमँटिक. नुसते मूडवाले." आणि मग हळूच, "लावू का?"

"डोकं दुखते," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी पापड घातले. पापडाचे दिवस नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारी मी घटक चाचणीचे पेपर काढून बसले, तेही दुसऱ्या बाईच्या वर्गाचे. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या कानातला इअरफोन काढून घेतला.

"तुहं डोकं दुखत नाई," ते म्हणाले. "तू मले मेलेला समजून राह्यली. मी मेलो नाई अजून."

"असं बोलू नका."

"मंग कसं बोलू? सांग ना, कसं बोलू?"

मराठी शिकवते मी, तीस वर्षं शिकवते, पण एक वाक्य बनलं नाही.

त्यानंतर इअरफोनची दोन्ही टोकं त्यांच्याच कानात गेली. रागावले नव्हते, जेवण झालं की ताट उचलून ठेवत, गोळ्या वेळेवर घेत, फोन दुसऱ्या रिंगला उचलत. माझा एकही नियम त्यांनी मोडला नाही. फक्त मला काही सांगणं बंद केलं. रविवारी भाऊजींचा फोन आला की ते अंगणाच्या पार टोकाला जात. आणि मला नवीच भीती लागली. इतके दिवस वाटे, हा माणूस मरेल. आता वाटायला लागलं, हा जिवंत राहील, वीस वर्षं राहील, आणि असाच राहील. याला मीच जबाबदार असेन.

तपासणीची तारीख जवळ आली म्हणून मी त्यांची फाईल काढली. फाईलमध्ये त्यांची शाळेची जुनी डायरी होती. मागच्या पानांवर त्यांच्या अक्षरात आकडे दिसले. ११०. ९६. १०४. ८४. नाडी! एकशे दहा नाडी, आणि मला सांगितलं नाही! दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, चालताना नाडी नव्वदच्या वर जाऊ देऊ नका. मी चष्मा लावून नीट वाचलं. आकड्यांच्या समोर शब्द होते.

म्हातारा, गिटार, ७६. चालते. जाड बाई, पियानो, ६८. चांगलं हाय. क्लारनेट, भाऊचं आवडतं, आधी ७०, शेवटी पळते, ११०. नको. तुतारी, ९६. नको. पान भरून अशीच यादी. नव्वदच्या वरचं प्रत्येक गाणं लाल पेननं खोडलेलं. वर मथळा, विज्ञानाच्या प्रयोगवहीत घालतात तसा: रविवारसाठी.

मनगटावरच्या घड्याळाकडे बघत या माणसानं प्रत्येक गाण्याचे ठोके मोजले होते. आपलं हृदय गाण्याच्या चालीनं चालेल, असं त्यांना वाटत असावं. छातीत स्प्रिंग आहे, मग बाहेरून वेग आवरायचा. बावीस वर्षं पोरांना रुधिराभिसरण शिकवणारा माणूस! मी यादी वाचत गेले आणि माझ्या लक्षात आलं की ही रोमँटिक गाण्यांची यादीच नाही. ही घाबरलेल्या माणसाची यादी आहे. मी ती होती तशी परत फाईलमध्ये ठेवली.

अकोल्याला आम्ही एसटीनं गेलो. मेडशी गेलं तेव्हा ते खिडकीतून शाळेच्या दिशेला बघत राहिले. मी तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होते. पातूरपर्यंत चार वाक्यं झाली, चारही वाईट. एक वर्तमानपत्रातलं, एक सातवीच्या मुलीनं निबंधात लिहावं असं, आणि दोन मला स्वतःलाच ऐकवेनात.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांनी रिपोर्ट पाहिले, छाती तपासली, छान आहे म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवायला हात नेला.

"एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "आम्ही नवरा-बायको म्हणून राहू शकतो का?"

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "राहताच ना? की काका वेगळे राहतात?"

"नाही, म्हणजे... एकत्र झोपू शकतो का?"

"झोपा ना. डाव्या कुशीवर झोपल्यावर काही त्रास होतो का काका?"

यांनी खालच्या फरशीवरून नजर उचलली नाही. कान लाल झाले होते. दारात पुढचा पेशंट डोकावला. मला पळून जावंसं वाटलं. पण मागे वळले तर तोच माणूस, तीच वायर, दोन्ही कानांत. मी दार लोटलं आणि म्हटलं, "डॉक्टर, यांनी मला जवळ घेतलं तर यांचं हृदय बंद पडेल का?"

डॉक्टरांचा चेहरा एकदम बदलला, लहान दिसायला लागला. "काकू, हे पहिल्यांदा आलात तेव्हाच मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं." मग साध्या शब्दांत सांगितलं. नव्वदचा आकडा फक्त पहिल्या महिन्यापुरता होता. यांचे रिपोर्ट आता चांगले आहेत. दोन जिने सलग चढून छातीत दुखलं नाही, फार दम लागला नाही, तर हरकत नाही. काही झालं तर लगेच यायचं. "चढून बघा आत्ता," ते म्हणाले. "मी इथंच आहे."

दवाखान्याला लिफ्ट होती. आम्ही तिच्यासमोरून जिन्याकडे गेलो. हे पुढे, मी दोन पायऱ्या मागे, दोन्ही हात थोडे पसरून. पडले तर मी झेलणार होते. दोन पायऱ्या खाली उभी असलेली पंचेचाळीस किलोची बाई सत्तर किलोचा माणूस झेलणार होती. पहिल्या वळणावर त्यांनी कठडा धरला. मी थांबले. त्यांची पाठ वर-खाली होत होती. "दुखते का?" "नाई." परत चढले. दुसऱ्या जिन्यावर एक नर्स वरून उतरत आली आणि माझ्या पसरलेल्या हातांकडे बघून भिंतीला चिकटून गेली. मी पायऱ्या मोजत होते आणि मोजताना चुकत होते. शेवटच्या पायरीवर ते वळले. कपाळावर घाम होता, पण ओठांचा रंग जागेवर होता.

"झालं," ते म्हणाले.

मीच पायरीवर बसले आणि डॉक्टरांना सांगायला तेच खाली गेले.

रविवारी जेवण झाल्यावर मी माझी गादी उचलून जुन्या जागी आणली. ते बघत होते. अंगणाचं फाटक मी लावून घेतलं, खिडकी ओढून घेतली. दुपारचं ऊन दाराच्या फटीतून आत येत होतं. मी म्हटलं, "लावा."

त्यांनी मोबाईल घेतला. बराच वेळ घेतला. म्हातारा लावला, बंद केला. जाड आवाजाची बाई लावली, बंद केली. मला वाटलं, आवडत नसेल. मग पाहिलं तर अंगठा काचेवर नीट टेकत नव्हता.

"मले लय भेव लागते वं," ते म्हणाले.

एकतीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. अटॅक आला त्या दिवशी, गाडीत, घामानं भिजलेले असताना, ते मलाच म्हणत होते, भेऊ नको.

"मलेबी लागते," मी म्हटलं. "पन तुमी जिने चढले ना. डॉक्टरनं सांगतलं ना."

"मराचं नाई भेव लागत मले." ते मोबाईलकडेच बघत होते. "मेलो त मेलो. पन तुह्यापाशी असतानी मेलो, त तुले जलमभर वाटत राहीन का तूच मारलं मले. मंग तुले कोन सांगीन का तसं नाई म्हून? सांगाले मी नाई राहनार."

म्हणजे ते आकडे माझ्यासाठी होते. मी खोलीच्या दुसऱ्या भिंतीला पडून जे भीत होते, तेच हे या भिंतीला पडून भीत होते, आणि माझ्या वाटचं.

"मंग आताच सांगून ठिवा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नाई मारलं मले," ते म्हणाले. शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात, स्पष्ट. मग पुन्हा एकदा, हळू, "आयकलं का वं? तू नाई मारलं."

मी हो म्हटलं. मोबाईल त्यांच्या हातून घेऊन उशाशी ठेवला. अंगठा कुठंतरी लागला असावा, त्यात कुठलंसं गाणं सुरू झालं. ते हळू होतं की पळतं होतं, आम्ही दोघांनीही मोजलं नाही.